सुजातेचे पाय

“तुमच्या चित्राले चुना मारला, भाऊ,” गुलाब म्हणाला, तेव्हा तुलाराम खोब्रागडे बशीतला चहा ओठाशी नेत होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती आणि भंडाऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर नेहमीची गर्दी होती. गुलाब त्याच्या गावचा, आसगावचा, नात्याने चुलतभाऊ. मोटरपंपाचा पट्टा घ्यायला शहरात आला होता आणि तो पट्टा गळ्यात अडकवूनच उभा होता. तुलारामने विचारलं, “कोणत्या चित्राले?” विचारायची काही गरज नव्हती. गावात त्याचं चित्र एकच होतं, विहारातल्या समोरच्या भिंतीवरचं. बुद्धाला खीर देणारी सुजाता. “कोणी मारला?” त्याने विचारलं. गुलाबने खाली बघितलं, पट्टा सारखा केला आणि म्हणाला, “मी नाव सांगीन तं मायावरच येईन. तुमीच जाऊन पाहा ना.” एवढं बोलून तो रस्ता ओलांडून चालताही झाला. तुलारामचे कान तापले. आणि त्या रागाच्या खाली, अगदी तळाशी, त्याला काहीतरी सुखद वाटलं. लग्नाच्या पंगतीत आपलं नाव घेऊन कोणी पाटावर बोलवावं तसं. त्याला त्या सुखाची लाज वाटली, पण ती लाज पवनीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळेपर्यंतच टिकली.

बस निघाली आणि तो मनातल्या मनात बोलू लागला. उद्या रविवारी त्याचं भाषण होतं, नगर वाचनालयात. विषय त्यानेच दिला होता, ‘आपल्या काळात क्रांतिकारक ठरलेली चित्रे’. वाचनालयाचे चिटणीस भय्याजी वकील. त्यांनी विषय वाचून चष्म्यावरून बघत म्हटलं होतं, “उत्तम. पण खोब्रागडे सर, शेवटी काहीतरी आपल्याकडचं सांगा. लोकांना परदेशी नावं पचत नाहीत.” शाळेत तुलाराम ड्रॉइंग मास्तर. म्हणजे गणिताचा पोर्शन मागे पडला की ज्याचा तास मागून घेतात तो, गॅदरिंगच्या वेळी ज्याच्याकडून पडदे रंगवून घेतात तो आणि साहेब येणार म्हटलं की ज्याला ‘सुस्वागतम’ लिहायला लावतात तो. ग्रेडच्या परीक्षेसाठी पोरांकडून केळी आणि तांब्या काढून घेण्यात त्याची हयात चालली होती. हे भाषण त्याने महिनाभर घासून-पुसून तयार केलं होतं, फक्त शेवट सापडत नव्हता. आता सापडला. कोणीतरी बादलीभर चुन्यात कुंचा बुडवून तो शेवट त्याच्यासाठी तयार करून ठेवला होता.

सुरुवात कॅराव्हाज्जोपासून. रोममध्ये पावणेचारशे वर्षांपूर्वी एका देवळासाठी त्याने मेरीमाता काढली, दारात उभी, कडेवर पोर. समोर गुडघे टेकून दोन यात्रेकरू, एक म्हातारी आणि एक बाप्या. त्या बाप्याचे तळवे थेट बघणाऱ्याकडे आहेत, मळलेले, रस्त्याच्या धुळीने काळे पडलेले. वेदीवरच्या चित्रात, जिथे मेणबत्त्या लावायच्या, तिथे माणसाचे घाणेरडे पाय. लोकांनी गिल्ला केला. तो रागाचा होता की आनंदाचा, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण गिल्ला झाला. मग फ्रान्सचा कुर्बे. त्याने रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर काढले, एक म्हातारा, एक पोर, फाटक्या कपड्यांतले, तोंडं दिसत नाहीत. पण कापड केवढं घेतलं? राजाच्या अभिषेकाला घेतात तेवढं. खडी फोडणाऱ्याला राजाएवढी जागा दिली, हीच क्रांती. रंग सगळ्यांचे सारखेच असतात हो, असं इथे म्हणायचं आणि जरा थांबायचं. ती थांबायची जागा त्याने कागदावर पेन्सिलने खूण करून ठेवली होती. मग आपला रवि वर्मा. त्याला आज कोणी कॅलेंडरवाला म्हणून नाक मुरडतं. पण त्याच्या छापखान्यातून देव बाहेर पडले आणि ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या कुडाच्या भिंतीवर जाऊन बसले. हे वाक्य त्याने पुस्तकातून घेतलं नव्हतं. त्याच्या आईच्या, धुरपताच्या, झोपडीत तशी एक लक्ष्मी होती, कमळावरची, काच तडकलेली. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत आल्यावर आईने ती भिंतीवरून उतरवली, पदराने पुसली आणि तलावात सोडून आली. भिंतीवर लक्ष्मीच्या जागी एक चौकोन राहिला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. धुराने काळ्या झालेल्या त्या घरात पुढे किती तरी दिवस तुलाराम निजताना त्या चौकोनाकडे बघायचा. आपण चित्रकार झालो ते बहुधा त्या चौकोनामुळे, असं त्याने एकदा बायकोला सांगितलं होतं. चंद्रकांता म्हणाली होती, “तेव्हाच सारवून घ्यायचा होता.”

पहेला गेलं, अड्याळ आलं. बसमध्ये मोहफुलांचा आंबूस गोड वास भरला होता, कोणाच्या तरी टोपलीतला. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या, धसकटं उभी. चुना कोणी मारला असेल? एक, पाटलाच्या वाड्यातली पोरं. ती असतील तर प्रकरण निराळं, पोलीस, पंचनामा, नागपूरच्या पेपरात बातमी. दोन, आपलेच. म्हणजे परसराम. विहार समितीचा अध्यक्ष परसराम, पोस्टातून निवृत्त झालेला, धुतलेल्या टोपीचा माणूस. चित्र सांगायला आला तेव्हा म्हणाला होता, “सर, कॅलेंडरात असते तसा बुद्ध काढून द्या, बस्स.” तुलाराम त्याच्यावर हसला होता. तुलारामने दोन्ही शक्यता तोलून बघितल्या आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला परसरामच हवा आहे. पाटलाच्या पोरांनी केलं असेल तर तो नुसता जातीचा द्वेष, नेहमीचाच, त्यात चित्राचं काय? पण आपल्याच लोकांना आपलं चित्र सोसवलं नाही, तर मग आपण त्या रांगेत बसलो. रोम, पॅरिस आणि आसगाव. बस खड्ड्यात आदळली, शेजारच्या म्हातारीचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. त्याला हसू फुटलं आणि ते लपवायला त्याने रुमाल काढला.

चित्र त्याने दिवाळीच्या सुट्टीत काढलं होतं, बाजारातला ऑइलपेंट आणून, पोत्यांच्या थप्पीवर उभा राहून. बुद्ध त्याने झाडाखाली बसवला, बारीक, बरगड्या दिसणारा. त्याच्यापुढे सुजाता. सुजाता त्याने दागिन्यांची काढली नाही. धानाच्या रोवण्यातून उठून आलेली बाई काढली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गुडघे टेकलेली, पाठमोरी, तोंड अर्धं वळलेलं, हातात पितळेचा वाडगा. आणि दोन्ही तळवे बघणाऱ्याकडे. पोटऱ्यांपर्यंत चिखल, टाचांना भेगा. तोंड आईचं. जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत कंबरेत वाकलेली बाई बुद्धाला जेवायला घालते आहे, यापुढे आता काय बोलायचं राहिलं? काम संपलं त्या संध्याकाळी लोक जमले, वंदना झाली आणि तो दाराशी उभा राहून वाट बघत होता. कोणीतरी चिडेल, कोणीतरी विचारेल. परसराम म्हणाला, “बुद्ध झकास झाला, सर.” मग बुंदी वाटली. पायांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आई मागे बायकांत उभी होती, तिने एकदा बघितलं, पदर सारखा केला आणि घरी गेली. रात्री जेवताना म्हणाली, “लुगड्याचा काठ मस्त काढला तू.” एवढंच. आपलं चित्र लोकांना समजलं नाही की समजून पचलं, हे त्याला कळेना, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्याला वाईटच वाटलं. बिनविरोध निवडून आलेल्या माणसाला गुलाल उधळताना जसं ओशाळं वाटतं, तसा तो भंडाऱ्याला परत आला होता.

पवनीला उतरून दुसरी बस मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पवनीच्या टेकडीत मागे खोदकाम झालं तेव्हा तो मुद्दाम बघायला आला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचे दगडी खांब, त्यांवर झाड आहे, नाग आहे, हात जोडलेली माणसं आहेत, पण बुद्ध नाही. आसन रिकामं. त्या काळी बुद्धाला काढायचंच नाही असा शिरस्ता होता; झाड काढा, चक्र काढा, फार तर पावलं काढा. मग पुढे कोणीतरी एका कारागिराने पहिल्यांदा त्या रिकाम्या आसनावर माणूस बसवला. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. त्याला गावाने काय म्हटलं असेल? हेही भाषणात घालायचं होतं. आता घातलं तर थेट पवनीवरून आसगावावर येता येईल, भय्याजींना हवं तसं. तो खूश झाला आणि बसच्या टपावर चढणाऱ्या पोरांवर उगाच ओरडला.

विहारासमोर लगबग होती. चौदा एप्रिल जवळ आली की दर वर्षी सगळ्या वस्तीने मिळून विहाराला चुना द्यायचा, घरटी एक माणूस, ही रीत होती. बाया भिंतीच्या खालच्या अंगाला, माणसं वर. परसराम धोतर खोचून टाकीत नीळ कालवत होता. तुलारामला बघून त्याने हात झटकले आणि उगाचच टोपी काढून पुन्हा घातली. तुलाराम त्याच्याशी न बोलता बूट काढून आत गेला. चित्र जागेवर होतं. बुद्ध होता, झाड होतं, वाडगा होता, आईचं तोंड होतं. पाय तेवढे नव्हते. लुगड्याच्या काठाखाली पांढरं. कोणी रागाने कुंचा फासला असता तर ओघळ आले असते, काठ बरबटला असता. इथे काठाच्या कडेने चिंधीने हळूहळू भरत नेलेलं दिसत होतं, काठावर एक थेंब नाही. त्याने मनात धरून आणलेल्या चित्रात, भाषणातल्या चित्रात, सगळी भिंत पांढरी होती. हे असलं व्यवस्थित, एवढंसं काम त्या रांगेत कुठे बसवावं ते त्याला समजेना. तो बाहेर आला आणि आवाज चढवून म्हणाला, “परसराममामा, मले विचारलं तरी असतं. हे काय करून ठेवलं तुमी?” परसराम गोरामोरा झाला. “आमी नाही केलं, सर. आमी तं नको म्हणून राहिलो होतो. धुरपताबाईनं केलं. तुमच्या मायनं. आमी म्हटलं, बाई, सर रागावतीन. तं म्हणे, रागावू दे.” टाकीभोवतीच्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांपैकी एकजण फसकन हसली आणि दुसरीने तिला कोपर मारलं.

आई अंगणात सावलीला बसून लाखोरीची डाळ पाखडत होती. सुपाचा आवाज त्याला वळणावरूनच ऐकू आला. तो येताना दिसला तरी ती थांबली नाही. “आला का? मांडवाखाली बस, ऊन हाये. चाय ठेवतो.”

“चित्राले चुना तू मारला?”

“मीनंच मारला.”

“काहून?”

तिने सूप एकदा उडवलं, फोलपट फुंकलं. “चाय तं पी पयले.”

“माय, अगं ते चित्र तुझं होतं. तुझ्या कष्टांचं होतं. इतिहासात आजपर्यंत ज्या माणसाला कोणी भिंतीवर जागा दिली नाही, त्या माणसाला...” बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं की आपण उद्याचं भाषण करतो आहोत, पेन्सिलच्या खुणांसकट.

“पुस्तकावानी नको बोलू,” धुरपता म्हणाली. “सरळ बोल.”

“चिखलाची लाज वाटते काय तुले?” तो एकदम ओरडला. शेजारच्या अंगणातली कोंबडी उडून पळाली.

आता तिने सूप खाली ठेवलं. “चिखलाची कायची लाज? सारा जनम चिखलातच गेला. पन चिखलाचे पाय घेऊन मी कवा घरात आली काय? बोडीवर पाय धुतल्याबिगर उंबरठा वलांडला काय कवा? पाटलाच्या घरची बाई आमाले दुरून म्हने, चिखलाच्यानो, तिकडूनच जा. नागपूरले दीक्षेले गेलो, तं आदल्या दिवशी तलावावर बसून खापरानं पाय घासले मी, रगत निंघेपर्यंत. पांढरं लुगडं नेसली. तू मायासंगंच होता. तिथं कोनी म्हटलं नाही, चिखलाची म्हनून. आन तू, माया पोटचा, मले विहारात नेऊन बसवलं तं कशी? तेच पाय बाहेर काढून.”

तुलारामकडे याला उत्तर होतं. चांगलं उत्तर होतं, की धुतलेले पाय सगळेच काढतात. त्याने ते बोलायला तोंड उघडलंही. पण ती थांबली नव्हती.

“बरं, तेही जाऊ दे. चिखल तं चिखल. तुले आवडते तं काढ. पन मले एक सांग, ते पाय कोनाचे हायेत?”

“कोणाचे म्हणजे? तुझेच.”

“माये?” ती हसली, कडवट, नाकातून. “दोन्ही पायाले पाच-पाच बोटं हायेत त्याले. मायी करंगळी कुठून आनली तू? मी तं पयल्याच दिवशी मोजली. मले वाटलं, पोरानं कोन्या मानसाचे पाय लावून देल्ले मले.”

तुलाराम ओसरीच्या कडेवर बसला. उजव्या पायाची करंगळी. धान कापताना इळा लागला होता, मग ते बोट सडलं आणि भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात काढून टाकावं लागलं. त्याला हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तो तिथे गेला होता. नागपूरला चित्रकलेचं शिकत होता तेव्हा, बापाचा निरोप आला म्हणून संत्री घेऊन गेला होता आणि खाटेच्या उशाशी बसला होता. आई गुंगीत होती, गालफडं आत गेलेली, खिडकीतला उजेड एका बाजूने तोंडावर पडलेला. त्याने पिशवीतून वही काढली होती आणि तो उजेड जाण्यापूर्वी घाईघाईने स्केच केलं होतं. ते बघून प्राध्यापकांनी वर्गासमोर त्याची पाठ थोपटली होती. तेच तोंड विहाराच्या भिंतीवर गेलं. खाटेच्या पायथ्याशी पांघरुणाखाली पट्टी बांधलेला पाय होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर, आणि तो पांघरूण वर करून बघावा असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि नंतर इतक्या वर्षांत, सणावाराला, लग्नाकार्याला, ती समोर पाय पसरून बसलेली असताना, कधीच वाटलं नाही. आणि भिंतीवरचे पाय? ते कोणाचे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळेच्या कपाटातल्या जाड पुस्तकात, पानभर काळ्या-पांढऱ्या छापलेल्या चित्रात, रोममधला तो गुडघे टेकलेला बाप्या. त्याचे तळवे तुलारामने चौकोन पाडून, मोजूनमापून भिंतीवर उतरवले होते आणि वरून आसगावचा चिखल फासला होता. कॅराव्हाज्जोने तरी कोणाच्या तरी पायांकडे बघितलं असणार, रस्त्यावरून आलेल्या कोणाच्या तरी. म्हणून तर लोकांनी गिल्ला केला. आपण कॅराव्हाज्जोकडे बघितलं. केळी आणि तांब्या काढणाऱ्या पोरांना आपण रोज काय ओरडतो? समोर बघा, शेजाऱ्याच्या कागदावर बघू नका.

“माय,” तो म्हणाला, “पाय दाखव.”

“कायले?”

“काढतो मी. नीट काढतो, धुतलेले काढतो. उद्याचा दिवस थांबतो इथं.” त्याने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. उद्याच्या भाषणाचा कागद काढून त्याची मागची कोरी बाजू मांडीवर घेतली.

धुरपताने त्याच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं. मग तिने जमिनीवर पसरलेले पाय जवळ ओढले, एक, मग दुसरा, आणि त्यांवर लुगडं ओढून घेतलं, पार जमिनीला टेकेपर्यंत. “आता कायले पाहतं?” ती म्हणाली आणि सूप उचललं. “दिसून राहिले होते तवा नाही पाह्यले.”

चहा झाला. ती कोरा चहा कपात देऊन पुन्हा पाखडायला बसली, चंद्रकांताची विचारपूस केली, शाळेचं विचारलं. तो उत्तरं देत राहिला. निघताना तो एवढंच म्हणाला, “ऑइलपेंटवर चुना धरत नाही, माय. पावसाळ्याच्या आत झडून जाईल.” ती म्हणाली, “झडू दे. पुढच्या जयंतीले पुन्हा मारीन.”

परतीच्या बसला अवकाश होता. विहारासमोरची माणसं जेवायला गेली होती, निळीची टाकी आणि चुन्याची बादली ओट्यावर तशीच होती. तो बूट काढून आत गेला. आत गार होतं. तो म्हणाला होता ते खरंच होतं, चुना आताच सुटायला लागला होता. डाव्या अंगाला एक खपली निघाली होती आणि तिच्यातून त्या रोमच्या बाप्याची टाच दिसत होती, भेगेसकट. टाच चांगली जमली होती. इतकी चांगली की त्याला क्षणभर मोह झाला, ओल्या रुमालाने सगळंच पुसून टाकावं. एका हातात निघालं असतं आणि उद्या भाषणात सांगायला शेवट उरला असता. चुना कोणी मारला हे वाचनालयात कोण विचारणार होतं? भय्याजींनी तर उठून टाळ्या वाजवल्या असत्या. तो बाहेर आला, बादलीतली चिंधी उचलली, पिळली आणि आत जाऊन उकिडवा बसला. त्याने ती टाच बुजवली, मग बाकीच्या पांढऱ्यावरूनही एक हात फिरवला. लुगड्याच्या काठाशी आल्यावर चिंधीतून एक थेंब काठावर पडला. आईने जे जपलं होतं ते त्याने बरबटवलं. तो थेंब नखाने काढायला गेला तर जास्तच पसरला.

बस वेळेवर आली. जागा मिळाली नाही, तो दांडीला धरून उभा राहिला. भाषणाचा कागद खिशात होता, उद्या तो वाचायचाच होता. बोटांवरचा चुना अड्याळपर्यंत वाळला आणि मग भंडारा येईपर्यंत कातडीला चावत राहिला.